काकूंनी लपवलेला ठोका

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पडद्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडची पुढची खोली, मागच्या दोन खोल्यांत घर. पाटीवर काहीतरी नाव आहे, पण ते कुणी वाचत नाही. सगळे ‘पडदेवाल्या काकूंकडे’ असंच म्हणतात. मी वरच्या मजल्यावर राहते. ही हकीगत थोडी मी पाहिलेली आहे, बरीचशी काकूंनी नंतर मशीनवर बसल्या बसल्या सांगितलेली, आणि उरलेली त्यांच्या मुलीकडून कळलेली.

पूर्वी दुकान दोघांचं होतं. काका लोकांच्या घरी जाऊन मापं घेत, शिडीवर चढून दांड्या ठोकत. काकू शिवत. काका फार बोलके होते. खिडकीचं माप घ्यायला गेलेला माणूस त्या घरातल्या भांडणाचाही निकाल लावून यायचा. मग एका सकाळी नाश्त्याला बसले असताना त्यांच्या हातातला पाव खाली पडला आणि तो उचलायला हात गेलाच नाही. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. काकूंना मात्र त्या एका शब्दाचे सगळे अर्थ कळायचे. त्या म्हणायच्या, “आधी हजार शब्द बोलायचे तेव्हा एवढं समजत नव्हतं.”

तेव्हापासून काकांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि परत पलंगावर, ही सगळी ने-आण काकूच करायच्या. मुलगा दोन गल्ल्यांपलीकडे छापखान्यात कामाला, त्याची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका शाळेच्या कार्यालयात. दोघं रविवारी यायची, विचारायची, “आई, जमतंय ना?” काकूंचं ठरलेलं उत्तर, “माझं मस्त चाललंय.”

एकदा काका न्हाणीघरात घसरले. काकूंना एकटीला उचलवेना, म्हणून त्यांनी जिन्यातून मला हाक मारली. आम्ही दोघींनी कसंबसं त्यांना उभं केलं. लागलं काही नव्हतं, पण संध्याकाळी मुलं धावत आली. पुढच्या खोलीत हळू आवाजात बोलत बसली. काकू मागे चहा टाकत होत्या. मुलगा म्हणाला, “आईला आता झेपत नाही. बाबांना एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू या. जिथे नर्स असतात, चोवीस तास.” मुलगी म्हणाली, “बघू या.” एवढंच. काकूंनी चहा आणून ठेवला आणि नवीन कापडाच्या भावाबद्दल बोलायला लागल्या. ऐकलं, असं काही दाखवलं नाही.

त्यानंतर साताठ महिन्यांनी काकूंच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या मदतीला म्हणून काकू तिच्या गावी गेल्या, काकांनाही घेऊन गेल्या. आणि मदतीला गेलेली बाई तिथे स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कोसळली. शुद्धीवर आल्या तेव्हा दवाखान्यात होत्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जो विजेचा निरोप जातो, तो मध्येच अडत होता. वरचे कप्पे आपल्या तालात, खालचे आपल्या, आणि खालच्यांचा ताल फार मंद. पेसमेकर लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काकूंना पेसमेकर माहीत होता. समोरच्या इमारतीतल्या आजोबांच्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली, सदऱ्यातूनही दिसणारा फुगवटा होता. पण त्या डॉक्टरांनी वेगळाच प्रकार सुचवला. मोठ्या औषधाच्या कॅप्सूलएवढं यंत्र. तारा नाहीत, छातीवर चिरा नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळीने वर न्यायचं आणि थेट हृदयाच्या आत अडकवून द्यायचं. बॅटरी त्यातच. डॉक्टर फायदे-तोटे सांगत होते, काकूंनी एकच विचारलं.

“बाहेरून दिसेल का?”

“नाही.”

“मग हाच घाला.”

बहिणीकडून त्यांनी वचन घेतलं, मुलांना ताकास तूर लागू द्यायची नाही. घरी आल्या त्या चेहऱ्यावर तजेला घेऊनच. मुलगी म्हणाली, “मावशीकडची हवा मानवली तुला.” काकू हसल्या. नंतर दर वर्षी यंत्राची तपासणी करायला त्या बहिणीच्या गावी जायच्या, आणि आम्ही सगळे म्हणायचो, बहिणी-बहिणींचं किती प्रेम!

फक्त काकांना सगळं माहीत होतं. “ह्यांच्यापासून मी कधी काही लपवलं नाही,” काकू मला म्हणाल्या. “आणि खरं सांगू? सांगायला ह्यांच्याइतका भरवशाचा माणूस नाही. कुणाला बोलणार बिचारे?”

सगळं सुरळीत चाललं असतं, पण पित्ताशयात खडे निघाले. जेवण झालं की पोटात अशी कळ यायची की काकू शिलाई सोडून भिंतीला टेकून बसायच्या. ही कळ काही लपवता येण्यासारखी नव्हती. मुलीने हाताला धरून दवाखान्यात नेलं. सर्जन म्हणाले, पित्ताशय काढून टाकू, दुर्बिणीतून, चार छोटी भोकं, दोन दिवसांत घरी. काकूंना वाटलं, पोटाचं ऑपरेशन, हृदयाशी काय संबंध? आपण गप्प बसलो तर निभावून जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांना दाखल केलं. दुपारी भूलतज्ज्ञ डॉक्टर आल्या. चाळिशीच्या बाई, आखूड केस, चष्मा डोक्यावर ढकललेला. उभ्याउभ्या प्रश्न विचारून निघून जाण्याऐवजी त्यांनी स्टूल ओढलं आणि जगात दुसरं काही काम नसल्यासारख्या बसल्या.

“काकू, उद्या तुम्हाला झोपवणारी मी.”

“म्हणजे भूल तुम्ही देणार?”

“हो.”

“आणि चूकभूल?”

“ती आमच्याकडे द्यायचीही नाही आणि घ्यायचीही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकूंना बाई आवडली. पंचाईत तिथेच झाली. आवडलेल्या माणसाशी खोटं बोलायला त्यांना जड जातं.

मग प्रश्न सुरू झाले. कवळी आहे का, कुठलं औषध सोसत नाही का, दम लागतो का. “हृदयाचं काही?” असं विचारल्यावर मुलगीच म्हणाली, “छे हो! आईचं काळीज घोड्याचं आहे. दिवसभर बाबांना उचलून फिरवते.” काकूंनी खिडकीकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंच्या हातात हृदयाच्या आलेखाची पट्टी होती. कुणीतरी त्यावर ‘ठीक’ असा शेरा मारला होता. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पट्टी उजेडात धरली. मग काकूंचं मनगट हातात घेऊन नाडी पाहत बसल्या.

“ताई,” त्या मुलीला म्हणाल्या, “मला काकूंना जरा एकटीला तपासायचंय. तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या ना.”

मुलगी गेली. बाईंनी खाटेभोवतीचा पडदा ओढला. पडदा अर्ध्यावर अडकला.

“कड्या कमी लावल्यात,” काकू म्हणाल्या. “कुणी शिवलाय कोण जाणे.”

“काकू, विषय बदलू नका,” डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. त्यांनी काकूंच्या गळ्याच्या हाडाखाली दोन्ही बाजूंना बोटं फिरवली. काही लागलं नाही. “ही पट्टी मला दोन गोष्टी सांगतेय. तुमच्या हृदयाचे वरचे कप्पे आणि खालचे कप्पे एकमेकांशी बोलत नाहीत. असं असताना खालच्यांचा ठोका इतका मंद असायला हवा की तुम्ही इथे बसून पडद्याला नावं ठेवली नसती. पण तुमचा ठोका कसा आहे? शिलाई मशीनच्या टाक्यासारखा, एकसारखा. माणसाचं हृदय इतकं शिस्तीत चालत नाही. आत कुणीतरी चालवतंय. पण छातीवर तर काही नाही.”

काकू म्हणाल्या, “छातीवर काय शोधताय? ते मांडीतून गेलंय.”

आणि सगळं सांगितलं. बहिणीचं स्वयंपाकघर, कॅप्सूल, वचन. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही ‘अहो, असं कसं केलंत’ म्हटलं नाही. शेवटी फक्त विचारलं, “का लपवलंत?”

“माझं हृदय बॅटरीवर चालतं हे कळलं असतं, तर मुलांनी मला चमचासुद्धा उचलू दिला नसता. आणि ह्यांना कुठेतरी नेऊन ठेवलं असतं. तिथल्या नर्सला ह्यांचं ‘बरं’ कसं कळणार?”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

“उद्या ऑपरेशन नाही होणार,” त्या म्हणाल्या. “घाबरू नका, होणार आहे, फक्त उद्या नाही. सर्जन रक्त थांबवायला विजेचा चटका देतात. त्या विजेची खरखर तुमच्या कॅप्सूलला ऐकू जाते. तिला वाटतं, हे हृदयच स्वतःहून चालतंय, मग मी कशाला बोलू? ती गप्प बसली की तुमचं हृदयही गप्प. साध्या पेसमेकरवर चुंबक ठेवला की तो बाहेरचं ऐकणं बंद करतो आणि आपला ठोका देत राहतो. पण तुमच्यातल्या ह्या छोटीला चुंबक कळतच नाही. तो भाग बसायला तिच्यात जागाच नाही. तिला आधी तिच्या स्वतःच्या यंत्राने समजवावं लागतं. ते यंत्र आणि तो माणूस बाहेरगावाहून बोलवायला हवा.”

“म्हणजे मी गप्प बसले असते तर...”

“तुम्ही गप्प बसला नाहीत,” बाई म्हणाल्या. “हे कागदावर लिहिणं मला भाग आहे, माझ्या सगळ्या माणसांना सांगणंही. पण तुमच्या घरी मी सांगणार नाही. तो ठोका तुमचा. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

पावलं वाजली. मुलगी कागदी पेल्यांत चहा घेऊन येत होती. बाई उठायला लागल्या, तर काकूंनी त्यांची बाही धरली.

“बसा. मी आत्ताच सांगते. नंतर माझा धीर व्हायचा नाही. आणि तिला चक्कर आली तर झोपवणारं माणूस जवळ असलेलं बरं.”

मुलीला चक्कर आली नाही. ती ऐकत राहिली, हातातला चहा तसाच. आईचं बोलून संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, “बाबांना माहीत आहे?”

“पहिल्यापासून.”

“मावशीला?”

“तिच्याच गावात तर बसवलं.”

“म्हणजे मलाच नाही.” “आई, ते घसरले त्या दिवशी आम्ही बोललो, ते ऐकलंस तू? अगं, एकदाच बोललो होतो. परत कधी तो विषयही नाही काढला.”

“मीही एकदाच ऐकलं,” काकू म्हणाल्या. “पण ऐकलं.”

डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या हातातले पेले काढून घेतले. मुलगी खाटेवर आईच्या शेजारी बसली, आणि मग आईच्या छातीवर कान ठेवला. काकू तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. “काही वेगळं ऐकू येत नाही गं,” मुलगी म्हणाली. “अगदी नेहमीसारखंच वाजतंय.”

“नेहमीसारखंच आहे ते,” काकू म्हणाल्या.

सर्जन आधी वैतागले. स्वभावाने चांगले, पण घाईचे. थिएटर मिळालेलं, सगळी तयारी झालेली. “चुंबक ठेवू की,” ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे पुन्हा तेच समजावलं. सर्जन म्हणाले, “हे मला माहीत नव्हतं.” त्यांनी स्वतः यंत्राच्या कंपनीला फोन लावला, आणि तीन दिवसांनंतरची वेळ ठरली.

त्या तीन दिवसांत काकांजवळ मुलगा राहिला. मुलीने त्याला फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा तो छापखान्यातून तसाच दवाखान्यात आला, नखांत शाई. आईसमोर उभा राहून म्हणाला, “बाबांचं काय करायचं ते सांग.” काकूंनी सांगितलं, पण सगळं सांगून कळतं थोडंच? पहिल्याच सकाळी त्याने काकांना काखेत हात घालून उचलायला पाहिलं, तर काकांनी डोळे मोठे केले. “बरं! बरं! बरं!” म्हणजे नको, नको, नको. डाव्या हाताने ते खुंटीकडे दाखवत होते. खुंटीवर एक रुंद पट्टा लटकत होता. पडद्याच्या जाड पट्टीचा, दुहेरी शिवलेला, दोन्ही बाजूंना हाताला धरायला कड्या. काकूंनी तो काकांच्या कमरेला बांधायला बनवला होता. तो बांधायचा, कड्या धरायच्या, आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवायचे आणि दोघांनी एकदम मागे-पुढे झुलायचं, की माणूस आपोआप उभा राहतो. हे सगळं काकांनी मुलाला एका हाताने आणि एका शब्दाने शिकवलं. त्याला पूर्ण सकाळ लागली. मुलगा नंतर मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “मला वाटायचं आई त्यांना उचलते. बाबाही उभे राहतात तिच्याबरोबर. मी कधी बघितलंच नव्हतं.”

ऑपरेशनच्या दिवशी कंपनीचा तरुण एक पेटी घेऊन आला. काकूंच्या छातीवर त्याने नुसतं एक चकतीसारखं यंत्र ठेवलं, आणि आतल्या कॅप्सूलशी बोलणं सुरू झालं. काकूंना मोठी गंमत वाटली. “काय सांगितलंत तिला?” त्यांनी विचारलं.

“आता बाहेरचं काही ऐकू नकोस, आपल्या तालात चालत राहा. आणि हालचाल जाणवली तरी वेग वाढवू नकोस.”

“आमच्या ह्यांना हे कधी जमलं नाही हो,” काकू म्हणाल्या, आणि थिएटरच्या दारात सगळे हसले.

डॉक्टरीणबाईंनी तरीही काही नशिबावर सोडलं नाही. काकूंच्या छातीला आणि पाठीला मोठ्या चिकटपट्ट्या लावल्या, वेळ पडली तर बाहेरून ठोका देता यावा म्हणून. चटक्याची वीज हृदयापासून लांबून परत जावी म्हणून तिची पट्टी मांडीला लावली. सर्जनना सांगितलं, चटका थोडा थोडाच, मध्ये थांबत. आणि भूल देण्याआधी काकूंचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. “डोळे मिटा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही झोपा, ती जागी आहे. मीही आहे.”

आतलं पुढचं काकूंना डॉक्टरीणबाईंनीच नंतर सांगितलं. चटका सुरू झाला की मॉनिटरवरच्या हृदयाच्या रेषेची नुसती जाळी व्हायची, काहीच वाचता यायचं नाही. एकदा तर सर्जनचा हात थांबला. “सगळं ठीक ना?” डॉक्टरीणबाई त्या रेषेकडे बघतच नव्हत्या. त्यांचं लक्ष बोटाला लावलेल्या यंत्राच्या लाटेकडे होतं, आणि त्यांची बोटं मनगटावर होती. “ठीक,” त्या म्हणाल्या. “चालू द्या.” नाडी येत होती, एकामागून एक, न चुकता. पित्ताशय निघालं. काकूंना जाग आली तोवर पेटीवाला तरुण तिथेच बसवून ठेवलेला होता. कॅप्सूलला पुन्हा ऐकायला लावल्याशिवाय, आणि ती ऐकते आहे हे तपासल्याशिवाय, बाईंनी त्याला दाराबाहेर जाऊ दिलं नाही. गरीब बिचारा जेवायचा थांबला होता.

काकू घरी आल्या. काका दारातच खुर्चीत बसले होते. मुलाने त्यांची दाढी केली होती, गालावर एक छोटं कापलंही होतं. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले, मग डावा हात उचलून त्यांच्या छातीवर, बरोबर त्या जागी ठेवला. “बरं?” ते म्हणाले.

“बरं,” काकू म्हणाल्या.

पुढे सगळं लोण्यासारखं मऊ झालं असं नाही. पहिल्या पंधरवड्यात मुलांनी अतिरेक केला. काकू शिंकल्या तरी मुलगी नाडी बघायची. मुलाने मशीनचं पायडलच काढून ठेवलं, तेव्हा काकू त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी जेवणाच्या टेबलावर जोराचं भांडण झालं, आवाज माझ्यापर्यंत येत होता, आणि त्यातूनच बरंचसं ठरलं. बाबा घरीच राहणार, तो विषय बंद. सकाळी एक बाई येणार काकांचं आवरायला. संध्याकाळी मुलगा, पाळी कुठलीही असो, कामाला जाताना नाहीतर येताना. बुधवारी मुलगी मुक्कामाला. काकू शिवणार, पण उचलणार नाहीत. “आणि लपवणार नाहीस,” मुलगी म्हणाली. काकूंनी मान हलवली, पण मुलीचा विश्वास बसला नाही.

परवाच्या बुधवारी मी पडद्याला दुमड घालून घ्यायला खाली गेले होते. मुलगी जमिनीवर बसून कापडाच्या टाचण्या काढत होती. काका खिडकीत. एकाएकी तिने वर बघून विचारलं, “आई, खरं सांग. आणखी काय काय लपवलंयस?”

काकूंनी मशीन थांबवलं.

“डावा गुडघा दुखतो.”

“कधीपासून?”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

“चहा टाक आधी,” काकू म्हणाल्या. “सांगते. बस.”